लिलाववाल्याचा गळा

माणूस समोर आला की मी आधी त्याची हनुवटी बघते. मग मान, मग तोंड किती उघडतं ते. डोळे, केस, कपडे वगैरे नंतर, वेळ उरला तर. भूलतज्ज्ञाची ही खोड सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर लोक मोदक खातात, आणि मी कोपऱ्यात उभी राहून कोण अख्खा मोदक तोंडात टाकतो आणि कोण कळीपासून कुरतडत बसतो ते बघत असते. अख्खा टाकणाऱ्यांची मला काळजी नसते. नवरा म्हणतो, तू मला पसंत केलंस ते माझी मान लांब आहे म्हणून. हे अगदीच खोटं नाही.

लोकांना वाटतं, भूल देणं म्हणजे सुई टोचली, माणूस झोपला, पुढे आम्ही कोपऱ्यात बसून शब्दकोडं सोडवतो. गेल्या गणपतीत एका काकूंनी मला प्रेमाने विचारलं की म्हणजे तू ऑपरेशन करत नाहीस, नुसती झोपवतेस का. मी म्हटलं, काकू, झोपवायला तुमच्या मालिकाही पुरतात, मी श्वास चालू ठेवते. काकूंनी नाक मुरडलं. मला असं बोलायची सवय आहे आणि ती जावी असं मला फारसं वाटत नाही.

पण मुद्दा खरा आहे. पूर्ण भूल दिली की माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग तोंडातून श्वासनळीत एक नळी सरकवायची आणि यंत्राने श्वास द्यायचा. बहुतेकांच्या बाबतीत हे काम चहा गाळण्याइतकं सोपं असतं. जबडा उचलला की आतलं दार समोर दिसतं. मात्र काही माणसं जन्मतःच वेगळ्या घडणीचा चेहरा घेऊन येतात. गालाची हाडं नीट झालेली नसतात, जबडा लहान राहिलेला असतो, हनुवटी जवळजवळ नसतेच, आणि पूर्ण वाढलेली जीभ त्या छोट्या जागेत मागे सरून बसते. अशा माणसाला आधी झोपवलं तर दारही दिसत नाही आणि श्वासही गेलेला असतो. म्हणून त्यांना जागं ठेवून नळी घालायची. घसा औषधाने बधिर करायचा, नाकातून बारीक लवचीक दुर्बीण आत न्यायची, तिच्यावर चढवलेली नळी मागोमाग सरकवायची, आणि नळी जागेवर पोचली की मगच झोपवायचं. मुंबईत शिकताना माझी बरीच वर्षं अशाच मुलांच्या वॉर्डात गेली. त्यामुळे इथे असा कुणी आला की मंडळी मला शोधत येतात.

तर गेल्या वर्षी हिवाळा संपता संपता माझ्याकडे एक लिलाववाला आला.

टूवूंबाच्या आसपास गुरांचे बाजार भरतात, तिथे लाकडी फळीवर उभा राहून बैल, गाई, कालवडी विकायचा याचा धंदा. त्याच्या चेहऱ्याची घडण नेमकी मी वर सांगितली तशी. डोळ्यांच्या कडा खाली झुकलेल्या, गाल आत, हनुवटी नावापुरती, कान इवलेसे. डोक्याभोवती पट्टा आणि त्यावर ऐकू येण्याचं यंत्र. त्याचं पित्ताशय खड्यांनी भरलं होतं. एका बाजारात बोली ऐन रंगात असताना पोटात अशी कळ आली की तो फळीवरच वाकला आणि उरलेला लिलाव दुसऱ्याने पुकारला. हे सांगताना त्याला कळ आठवून त्रास होत नव्हता, दुसऱ्याने पुकारला याचा होत होता. पुढच्या महिन्यात बैलांचा वर्षातला सगळ्यात मोठा बाजार होता, आणि तो त्याला स्वतः पुकारायचा होता.

मी त्याचं तोंड उघडायला लावलं. माझी दोन बोटंही आत मावेनात. वडापावसुद्धा याने चपटा करून खाल्ला असता असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मानेवर, खालच्या बाजूला, एक जुना आडवा व्रण होता. मी त्याबद्दल विचारलं तर लहानपणचं आहे म्हणाला आणि कॉलर वर केली. मी त्याला सगळं समजावलं, जागं ठेवून कसं करणार ते सांगितलं. शेवटचा उपाय म्हणून कानाघशाचा सर्जन बाजूला उभा असेल, काहीच जमलं नाही तर मानेतून श्वासाची वाट करू, हेही सांगितलं. तो म्हणाला, नो वरीज. ऑस्ट्रेलियात हे दोन शब्द ऐकले की मी निर्धास्त व्हायचे. तेव्हापासून होत नाही.

आता सिस्टरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे बिघडलं आणि त्यांच्यामुळेच निस्तरलं. भूल देताना माझ्या शेजारी उभ्या असतात त्या सिस्टर वसईच्या, कॅथलिक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अजून आपल्याकडच्यासारखं सिस्टर म्हणते आणि त्या मला ‘अगं डॉक्टर’ म्हणतात. इथल्या मंडळींना सिस्टर म्हणजे माझी सख्खी बहीण वाटते आणि आम्ही कुणाची समजूत काढत बसत नाही. आम्हा दोघींची कामाची एक पद्धत पडून गेली होती. पेशंट जागा असताना काही अडलं, तर आम्ही ते मराठीत बोलायचो, तेही भाजीचा भाव विचारल्यासारख्या आवाजात. पेशंट घाबरत नाही, काम होतं. किती सुंदर भाषा आहे तुमची, असंही एक बाई नाकात नळी असताना म्हणाल्या होत्या. आम्हाला या युक्तीचा चांगलाच अभिमान होता.

त्या सकाळी लिलाववाला टेबलावर अर्धवट बसता ठेवला होता. मानेवर सर्जनने पेनने खूण करून ठेवली होती. नाकात फवारे, घशात फवारे, तोंड कोरडं पडायचं इंजेक्शन, सगळं रीतसर झालं. गडी मजेत होता. घसा बधिर होईपर्यंत त्याने आमच्या खोलीतलं सामान विकायला काढलं. भुलेचं यंत्र, फार वापरलेलं नाही, एकच मालकीण, जरा तापट. सर्जनचे बूट, कुणी घेता का. त्याचा तो पुकारा म्हणजे शब्द सुटे ऐकूच येत नाहीत, एक सलग धार लागते आणि मधून मधून आकडे वर येतात. सगळे हसत होते. मी दुर्बीण नाकातून आत घातली.

आत नुसतं गुलाबी दिसत होतं. अशा घडणीत सगळंच आपल्या ओळखीच्या जागेवरून सरकलेलं असतं. मी थोडं मागे घेतलं, पुन्हा पुढे गेले, पुन्हा गुलाबी. मी अगदी शांतपणे म्हटलं, “सिस्टर, मला काही दिसत नाहीये.” सिस्टर तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “मानेचं सामान जवळ घेऊन ठेवते.”

लिलाववाल्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सुटेल असंही नाही. मी दुर्बीण बाहेर काढली. तो टेबलावरून उतरला, पाठीमागे नाड्या बांधलेल्या त्या झग्यात, सलाइनचा खांब हाताने ओढत, दारातून बाहेर गेला. जाताना बधिर जिभेने ‘पास्ड इन’ असं काहीसं बोलला, त्याचा अर्थ मला नंतर कळला. इथे लिलावात मालाला हवी ती बोली आली नाही आणि तो तसाच परत नेला, तर तेच म्हणतात.

मला राग आला. खरं तर संताप आला. इतकी तयारी, दोन सर्जन ताटकळत, आणि मोठा माणूस लहान मुलासारखा उठून जातो म्हणजे काय. मी यादीतला पुढचा हर्नियाचा पेशंट घेतला, त्याला छान झोपवला, छान उठवला, आणि तोपर्यंत माझा पारा जरा खाली आला. चहाच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लिलाववाला खुर्चीवर बसला होता. अंगात तोच झगा, पायात मोजे आणि डोक्यावर त्याची रुंद काठाची टोपी. टोपी त्याला कुणी आणून दिली कोण जाणे. घसा बधिर असल्यामुळे त्याला पाणीही देता येत नव्हतं. मी आणि सिस्टर त्याच्या समोर उभ्या राहिलो. मी मनात एक कडक वाक्य तयार ठेवलं होतं. ते राहूनच गेलं, कारण तो आधी बोलला.

“तुम्ही दोघींनी भाषा बदललीत,” तो म्हणाला.

मी म्हटलं, आमची सवय आहे ती, आम्ही दोघी एकाच भागातल्या.

“मेट, मी लहानपणी धड ऐकू न येता वाढलोय. मी माणसं बघून जगतो. लिलावात ऐकायचं नसतंच, बघायचं असतं. कुंपणाशी दोघं भाऊ गप्पा मारत उभे असतात आणि एकदम विषय बदलतात, तेव्हा मला कळतं की बैल त्यांना हवाय. तुझा आवाज बदलला नाही, भाषा बदलली. आणि हिने माझ्या मानेकडे पाहिलं.”

सिस्टरांनी मास्क खाली केला. त्यांनी पाहिलं होतं, हे मलाही माहीत होतं.

मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान वर करून तो व्रण आम्हाला नीट दाखवला. जन्मला तेव्हा जीभ मागे पडून त्याचा श्वास अडायचा, म्हणून तान्हेपणीच मानेला भोक पाडून त्यात नळी बसवली होती. शाळेत जायच्या वयापर्यंत ती होती. मानेतून श्वास घेणाऱ्या त्या पोराच्या गळ्यातून आवाज निघायचा नाही, रडण्याचासुद्धा. घर शेतावर, आई दिवसभर कामात. तिने त्याच्या मनगटाला वासराच्या गळ्यातली छोटी घंटा बांधली होती. भूक लागली, पडला, भीती वाटली की तो हात हलवायचा. जरा मोठा झाल्यावर ते भोक बंद केलं आणि एक दिवस त्याच्या तोंडून आवाज आला. त्या दिवशी तो दुपारभर कुरणात उभा राहून गुरांवर ओरडत होता. आई घरातून ऐकत होती आणि तिने त्याला गप्प बस म्हटलं नाही.

“त्यानंतर मी थांबलोच नाही,” तो म्हणाला. “त्यातच धंदा सापडला. तुला काय करायचं ते कर, पण मान नाही. मानेला सुरी लावायची नाही.”

मला काय वाटलं ते सरळ सांगते. हो म्हणून टाकावं असं फार वाटलं, आणि हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी खाली वाकले आणि त्याला सांगितलं की मी असं वचन देणार नाही. तुझा श्वास बंद पडला आणि बाकी सगळे उपाय हरले, तर मी मानेतून वाट करणारच, कारण जिवंत माणसाचा आवाज परत येऊ शकतो, तुझा एकदा आलाच आहे. हे तुला चालणार नसेल तर मी तुला हात लावणार नाही, दुसरा भूलतज्ज्ञ शोध. तो माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात माझ्याकडे इतकं नीट कुणी बघितलं नसेल, माझ्या नवऱ्यानेही नाही.

मग सिस्टर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडेही लिलाव होतात. मला वाटलं हे काय भलतंच काढलं यांनी. पण त्या सांगत गेल्या. वसईला त्यांच्या गावच्या चर्चचा सण असला की लोक आपापल्या वाडीतलं पहिलं पीक आणतात, केळ्यांचे घड, नारळ, एखादा कोंबडा, आणि मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्यांचे वडील पुकारायचे. एका घडाला घरटी एक माणूस बोली लावायचा, आणि घड घरी नेल्यावर कळायचं की तो आपल्याच वाडीतला. लिलाववाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. त्याने विचारलं की हातोडा पडायच्या आधी तुमच्याकडे काय म्हणतात. सिस्टरांनी वडिलांच्या आवाजात म्हणून दाखवलं, “एक वार, दोन वार, तीन वार,” आणि खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला.

त्याने बधिर जिभेने म्हणून बघितलं. पहिल्या फटक्यात ते काहीतरी भयंकरच झालं. सिस्टरांनी दुरुस्त केलं. हर्नियाच्या पेशंटला नेणारी ट्रॉली आमच्यासमोरून गेली तेव्हा टोपीवाला माणूस आणि थिएटरची नर्स मान डोलावत एक वार, दोन वार करत बसले होते, आणि कुणी काही विचारलं नाही. टूवूंबाचे लोक तसे समजूतदार आहेत.

शेवटी त्याने आपल्या अटी सांगितल्या, बाजारात सांगाव्यात तशा. सगळं इंग्रजीत बोलायचं, आणि वाईट असेल ते आधी. बोलता आलं नाही तर तो हाताने सांगेल. बोट वर केलं तर पुढे जा, तळवा दाखवला तर थांब. मान अगदी शेवटी, आणि त्याला सांगून. “आणि तुमचं ते एक वार, दोन वार तू म्हण, डॉक,” तो म्हणाला. “दार दिसलं की पहिला, नळी आत गेली की दुसरा. तिसरा म्हणायचा नाही. तिसरा हातोडा असतो. तो माझा.”

पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. मधल्या दिवसांत मी एक नवा अभ्यास केला. जीव टांगणीला लागला असताना शांतपणे इंग्रजीत खरं सांगायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण मी या देशात इंग्रजीत परीक्षा दिल्या, इंग्रजीत भांडले, एकदा पोलिसाशी इंग्रजीत हुज्जतही घातली, तरी घाबरले की माझ्या तोंडून मराठीच येते. म्हणून घरी सराव सुरू केला. दूध वर आलं की ओरडायचं नाही, इंग्रजीत सांगायचं की दूध उतू जातंय, मी गॅस कमी करते आहे, आता ते खाली बसतंय. मुलगी जेवणाच्या टेबलावरून म्हणाली, “मम, हू आर यू टॉकिंग टू?” मी म्हटलं, दुधाशी. ती म्हणाली, “ओके. इट्स नॉट लिसनिंग.” खरंच दूध शेगडीभर झालं होतं. नवऱ्याने ते पुसलं आणि पुसताना तोही प्रत्येक पायरी इंग्रजीत सांगत होता, मला चिडवायला.

तो दिवस आला. टेबल तसंच, सर्जन तेच, मानेवरची पेनाची खूणही तशीच. या वेळी सिस्टरांनी मानेच्या सामानाची ट्रे उघड उघड त्याला दाखवली, हे इथे आहे, झाकून ठेवते, आणि झाकून ठेवली. त्याने सामान विकायला काढलं नाही. फवारे घेताना गप्प होता, त्यामुळे मीच म्हटलं की आज भुलेच्या यंत्राला गिऱ्हाईक नाही वाटतं. तो म्हणाला, मालकीण बदलल्याशिवाय विकलं जाणार नाही. मग जरा बरं वाटलं, मलाही आणि त्यालाही.

मी दुसऱ्या नाकपुडीतून आत गेले. सिस्टरांनी त्याची जीभ कापडात धरून हलकेच पुढे ओढून ठेवली. मी बोलत होते. आत्ता नाकाच्या मागे आहे. आत्ता वळते आहे. आता सगळं गुलाबी आहे, मला काही दिसत नाही. हे वाक्य इंग्रजीत म्हणताना माझी जीभ जड झाली, पण म्हटलं. त्याचं बोट वर आलं. मी त्याला लांब श्वास घ्यायला सांगितला, त्याने घेतला, आणि त्या श्वासाबरोबर गुलाबी पडदा बाजूला झाला. मागे, एका कडेला सरकलेलं, ते दार होतं. दोन पांढऱ्या पट्ट्या, श्वासाबरोबर उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. स्वरतंतू. मी आयुष्यात हजारांचे पाहिले असतील. पण हा माणूस ज्यांच्यासाठी कॉरिडॉरमध्ये झग्यात बसला होता ते हेच, हे मनात येऊन माझे हात क्षणभर थांबले.

“एक वार,” मी म्हटलं.

सिस्टरांनी त्याची जीभ सोडली आणि मी त्याला आवाज काढून बघायला सांगितलं. दुर्बिणीतून मला ते स्वरतंतू थरथरताना दिसत होते आणि त्याच वेळी कानाला त्याचा आवाज येत होता. तो आकडे म्हणत होता, कुठल्याशा बैलाची किंमत चढवत होता. मी स्वरतंतूंवर औषध सोडलं, तो खोकला, मी थांबले, मग दुर्बीण त्यांच्यामधून आत नेली. श्वासनळीच्या गोल कडा दिसल्या. जुन्या भोकाच्या जागी वाट थोडी अरुंद होती, ती आम्हाला आधीच माहीत होती आणि नळीही बारीकच घेतली होती. आता नळी सरकवायची.

नळी अडकली.

मी पुन्हा हलकेच ढकलली. अडकलीच. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ट्रेकडे गेले नाहीत, त्यांनी ते माझ्यावरच रोखून धरले होते, आणि ते त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. माझ्या ओठांवर ‘अडकलंय’ आलंच होतं. मी इंग्रजीत म्हटलं, “नळी दारात अडकली आहे. वाईट बातमी एवढीच. तुझा श्वास चालू आहे. मी ती थोडी मागे घेऊन फिरवणार आहे.” लिलाववाल्याने माझ्याकडे पाहिलं. मास्कवरचे माझे डोळे त्याने सावकाश वाचले, मग त्याचं बोट वर आलं.

मी नळी डावीकडे फिरवली आणि सरकवली, आणि ती गेली. बैलाची किंमत मध्येच तुटली. त्याचं तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता. नळी बरोबर जागी असली की असंच होतं, आम्ही त्याची वाटच बघत असतो. पण त्याच्या दृष्टीने ते परत तेच होतं, तोंड आहे आणि आवाज नाही. त्याचा हात मनगटापासून हलला, दोन-तीनदा, भराभर. घंटा नव्हती तिथे. सिस्टरांनी तो हात दोन्ही हातांत धरला. यंत्राच्या पडद्यावर श्वासाची लाट उमटली, सुरेख, एकामागून एक.

“दोन वार,” मी म्हटलं, आणि त्याला झोपवलं.

पित्ताशय काढायला फार वेळ लागला नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सर्जन सांगत असतील तर सांगोत. माझं खरं काम नंतर होतं. अशा माणसाची नळी घाईने काढत नाहीत. तो पुरता जागा व्हायला हवा, स्वतः श्वास घ्यायला हवा, सांगितलेलं कळायला हवं. मी त्याला बसता केला. डोक्यावर त्याचं ऐकायचं यंत्र परत बसवलं. डोळे उघडले, त्याने माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. बोट वर कर म्हटलं, केलं. मी नळी काढली.

तो खोकला, खूप खोकला, मग प्राणवायूच्या मास्कमध्ये नुसता श्वास घेत बसला. मी विचारलं, बरा आहेस का. तो काहीच बोलला नाही. बारीक नळीनेही स्वरतंतू सुजतात, कधी कधी आवाज दिवस दोन दिवस बसतो, हे मला माहीत आहे. तरीही मी त्याच्या ओठांकडेच बघत होते. खोलीतले सगळे आपापलं काम करत असल्याचं दाखवत होते. सर्जन पाठ करून काहीतरी लिहीत होते.

मग त्याने हात उचलला आणि मानेवर नेला. बोटांनी सावकाश चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुना व्रण सापडला. त्याच्या वर गेलं, खाली गेलं, आणखी काही सापडलं नाही. त्याने मास्क खाली ओढला.

“तीन वार,” तो म्हणाला. आवाज घोगरा होता, फाटका होता, आणि त्याचा होता.

सिस्टरांनी स्टीलच्या टेबलावर तळवा असा आपटला की ट्रेमधली भांडी वाजली. सर्जनने दचकून मागे वळून विचारलं की काय विकलं.

“पित्ताशय,” सिस्टर म्हणाल्या, आणि डोळे पुसायला भिंतीकडे वळल्या.